लालबाग पाहायला जावे काय?



जेऊरच्या रुळांवरून एक गाडी जाते. ती मुंबईहून निघते आणि पुणे, दौंड, कुर्डुवाडी, सोलापूर, वाडी, रायचूर, गुंतकल असे टप्पे घेत बेंगळुरूला पोचते. तिचे नाव उद्यान एक्सप्रेस. डब्यावरची ही पाटी आपल्यापैकी पुष्कळांनी वाचली असेल. बेंगळुरूला लोक बागांचे शहर म्हणतात, त्यावरून गाडीला हे नाव पडले. त्या शहरातली नावाजलेली बाग म्हणजे लालबाग. म्हणजे एका परीने लालबागेची वाट आपल्या दारावरूनच जाते.

आता प्रश्न असा, की या वाटेने जावे काय? दिवाळीची सुट्टी संपली की शाळाशाळांतून सहलीची बोलणी सुरू होतात. कोणी म्हणतो गड पाहू, कोणी म्हणतो समुद्र पाहू, आणि एखादे गुरुजी म्हणतात, वनस्पतींची मोठी बाग पाहू. लगेच पालक विचारतात, “गुरुजी, झाडंच बघायची तर एवढं लांब कशाला? आमच्या रानात काय कमी झाडं हायत?” हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. रोजगारावर जाणाऱ्या आईच्या दृष्टीने सहलीची फी म्हणजे कित्येक दिवसांची मजुरी असते. ज्या पोराला ती देता येत नाही, ते सहल निघण्याच्या दिवशी घराबाहेर पडत नाही. तेव्हा एखादी बाग सुंदर आहे, एवढे सांगून भागत नाही. त्या पैशाचे आणि त्या वेळेचे मोल परत मिळते काय, हे पाहिले पाहिजे. आज आपण तोच हिशेब मांडू.

आधी एक गोष्ट स्पष्ट करून घेऊ. वनस्पती-उद्यान आणि बगीचा या दोन वस्तू वेगळ्या आहेत. नगरपालिकेच्या बगीच्यात हिरवळ असते, कारंजे असते, बसायला बाक आणि मुलांना झोपाळे असतात. तेथे माणूस घटकाभर विसावा घेतो आणि घरी जातो. वनस्पती-उद्यान हे झाडांचे ग्रंथालय आहे. ग्रंथालयात प्रत्येक पुस्तकाला क्रमांक असतो, ते कोठून आले याची नोंद असते. तसेच या उद्यानात झाडाचे नाव काय, त्याचे कूळ कोणते, त्याचा मूळ देश कोणता, याची नोंद ठेवण्याचा प्रघात असतो. झाडावर पाटी लावतात ती त्यासाठीच. पाटी न वाचता अशा बागेतून हिंडणे म्हणजे ग्रंथालयात जाऊन पुस्तकांच्या पुठ्ठ्यांचे रंग पाहून परत येणे होय.

लालबागेची हकिगत थोडक्यात सांगतो. १७६० साली हैदर अलीने ही बाग घालायला सुरुवात केली. तेव्हा ती सुमारे ४० एकरांची होती. पुढे टिपू सुलतानाने देशोदेशीची रोपे आणि बियाणे मागवून ती वाढवली. १७९९ मध्ये टिपू पडला आणि बाग इंग्रजांच्या हाती गेली. १८५६ साली तिला सरकारी वनस्पती-उद्यानाचे रूप आले. १८७४ ते १९०८ पर्यंत जॉन कॅमेरॉन नावाचे अधिकारी तिचे प्रमुख होते. त्यांच्यानंतर क्रुम्बिगेल नावाचे जर्मन उद्यानतज्ज्ञ आले. मराठी श्रोत्यांना कौतुक वाटेल अशी गोष्ट ही, की हे क्रुम्बिगेल हिंदुस्थानात प्रथम आले ते बडोद्याला, सयाजीराव महाराजांच्या नोकरीत. त्यांच्यानंतर १९३२ साली जवराया यांच्याकडे कारभार आला आणि बागेला पहिला भारतीय प्रमुख मिळाला. आज ही बाग सुमारे २४० एकरांवर पसरलेली असून कर्नाटक सरकारचे उद्यान खाते तिची देखभाल करते. २४० एकर म्हणजे किती, हे शेतकऱ्याला सांगायला नको. पाच-पाच एकरांचे अठ्ठेचाळीस खातेदार मनात आणा, म्हणजे अंदाज येईल. एका सकाळी ती सगळी पाहून होत नाही.

आता या बागेत आपल्यासारख्या माणसाने पाहावे असे काय आहे? पन्नास गोष्टी सांगता येतील, पण चारच सांगतो.

पहिली गोष्ट झाड नव्हे, दगड आहे. बागेत एक मोठा, गोलसर, उघडा खडक आहे. त्याच्या माथ्यावर केंपेगौडांच्या नावाचा जुना छोटा बुरूज आहे. हा खडक सुमारे ३०० कोटी वर्षांचा आहे. आपल्या सोलापूर जिल्ह्यात विहीर खणताना जो काळा पाषाण लागतो, तो ज्वालामुखीच्या रसाचा बनलेला असून त्याचे वय साडेसहा कोटी वर्षांच्या आसपास आहे. म्हणजे लालबागेतला खडक आपल्या काळ्या दगडाच्या पंचेचाळीसपट म्हातारा! त्या दगडाची माती लाल, आपल्या दगडाची काळी. भूगोलाच्या पुस्तकात दोन ओळींत उरकलेला हा भेद तेथे पायाखाली असतो. शिक्षकांनी जाताना आपल्या विहिरीवरचा एक काळा तुकडा पिशवीत न्यावा आणि त्या खडकाशेजारी धरून मुलांना दाखवावा. त्या खडकाचा मात्र कपचाही काढू नये, कारण तो राष्ट्रीय ठेवा आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे पांढऱ्या सावरीचा प्रचंड वृक्ष. आपल्याकडे काटेसावर असते, शिमग्याच्या सुमारास ती लाल फुलांनी भरते. ही पांढरी सावर तिची भाऊबंद. तिच्या बुंध्याशी मुळांच्या भिंतीच्या भिंती उभ्या राहिल्या आहेत. उंच झाडाला वाऱ्यात तोल सांभाळायला मूळ कसे आधार देते, हे फळ्यावर कितीही चित्रे काढली तरी जे समजत नाही, ते या झाडाजवळ उभे राहिले की क्षणात समजते.

तिसरी गोष्ट भाजीची. दुधी भोपळ्याच्या जातकुळीतली, पेरूएवढी, फिकट हिरवी, वेलावर येणारी एक फळभाजी दक्षिणेत घरोघर खातात. कानडीत तिला सीमे बदनेकायी म्हणतात. बदनेकायी म्हणजे वांगे आणि सीमे म्हणजे परमुलखातले, विलायती. आपण विलायती चिंच, विलायती बाभूळ म्हणतो ना, त्याच चालीचे हे नाव. ही भाजी मूळची मध्य अमेरिकेकडची. तिकडची ही वेल लालबागेत लावून पाहिली आणि तेथून ती आसपासच्या शेतकऱ्यांत गेली, याचे श्रेय कॅमेरॉनसाहेबांना देतात. अशा बागांचे खरे काम हेच होते. परमुलखातले पीक आधी बागेत लावून पाहायचे, टिकले तर शेतकऱ्याच्या हाती द्यायचे.

येथे थोडे आपल्या रानाकडे वळून पाहा. ठेच्यातली मिरची अमेरिकेतून आली. भुईमूग, मका, पेरू, सीताफळ, पपई, टोमॅटो ही सगळी तिकडची. शाळेच्या आवारातला गुलमोहर मादागास्कर बेटावरचा. आणि चिंच? तिला तर आपण अगदी घरची समजतो. अरबांनी तिला ‘तमर-ए-हिंद’, म्हणजे हिंदचा खजूर म्हटले, आणि शास्त्रीय नावातही ‘इंडिका’ म्हणजे भारतीय असा शब्द बसला. पण ती मूळची आफ्रिकेतली. कोणते झाड आपले आणि कोणते पाहुणे, हा प्रश्न पाटी वाचल्याशिवाय सुचत नाही. एकदा सुचला म्हणजे माणूस आपल्याच बांधाकडे नव्या नजरेने पाहू लागतो.

चौथी गोष्ट क्रुम्बिगेल यांची. शहरात रस्त्याकडेला झाडे लावताना त्यांनी असा विचार ठेवला, की एका झाडाचा बहर ओसरतो न ओसरतो तोच दुसऱ्याचा सुरू व्हावा. बारा महिन्यांत शहर फुलांवाचून राहू नये. बेंगळुरूची ती कीर्ती या युक्तीवर उभी आहे. आणि ही युक्ती फुकट आहे! जेऊरच्या शाळेलाही ती जमेल. माघ-फाल्गुनात पळस आणि पांगारा, चैत्रात लिंब आणि करंज, वैशाखात बहावा, आषाढात कदंब, दिवाळीच्या सुमारास बूच, पुढे कांचन. आठ-दहा झाडे विचाराने लावली, तर आवारात प्रत्येक ऋतूत काहीतरी फुललेले राहील आणि मधमाशीही उपाशी जाणार नाही.

या झाल्या जमेच्या बाजू. आता खर्चाची बाजू पाहू, कारण हिशेब एकतर्फी नसावा.

मोठ्या बागांनी सगळे चांगलेच केले, असे नाही. डोंगरउतारावर गुरांना खायला गवत उरू न देणारी घाणेरी, जिला कोणी टणटणी म्हणतात, ती एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी फुलांच्या शोभेसाठी कलकत्त्याजवळच्या शिबपूरच्या वनस्पती-उद्यानात आणली गेली. तेथून ती सुटली ती देशभर पसरली. जलपर्णीची गोष्ट अशीच. जांभळ्या फुलांच्या मोहाने ती त्याच शतकाच्या अखेरीस बंगालात आली, आणि आज भीमेच्या पाण्यावर तिचे हिरवे थर पाहून आपल्याकडचे मासेमार कपाळाला हात लावतात. म्हणून बागेतले सुंदर रोप पाहून लगेच “हे आपल्याकडे लावू” असे म्हणू नये. ते कोठले, किती वेगाने पसरते, बी कसे पडते, हे आधी विचारावे. दुसरे असे, की बेंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे. तेथली हवा सौम्य. तेथे जोमाने वाढणारे रोप करमाळ्याच्या वैशाखात चार दिवसांत करपून जाईल.

प्रवासाचा खर्च आणि शीण हाही भाग आहे. जाण्यात एक रात्र, येण्यात एक रात्र, मध्ये मुक्काम. त्यातून २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टच्या सुमारास बागेत मोठी पुष्पप्रदर्शने भरतात. तेथील काचघर प्रसिद्ध आहे. लंडनच्या स्फटिकमहालावरून त्याची कल्पना घेतली आणि १८८९ साली त्याचा पाया घातला. प्रदर्शनाच्या दिवसांत ते फुलांनी सजवतात. ते पाहायला लोटणाऱ्या गर्दीत फुलांपेक्षा माणसांच्या पाठीच अधिक दिसतात. चाळीस मुले घेऊन त्या दिवसांत जाणे म्हणजे मुले मोजण्यातच दिवस घालवणे.

आणखी एक उणीव सांगितली पाहिजे. मोठ्या बागेत वृक्षाला मान असतो, फुलाला मान असतो, गवताला तो हिरवळीपुरताच. आपला मुलूख तर गवताचा. करमाळा तालुक्याचा काही भाग माळढोक अभयारण्यात आला तो माळरानामुळे. कुसळी, पवन्या, मारवेल ही गवते, हिवर, बोर, बाभूळ ही झाडे, यांचा धडा शिकायचा तर तो माळावरच. लालबाग त्याची जागा घेऊ शकणार नाही.

तर मग निवाडा काय? निवाडा माणसागणिक वेगळा आहे.

पहिली ते सातवीच्या मुलांना लालबागेला नेऊ नये. एवढा प्रवास त्यांना झेपत नाही आणि पाटीवरचे त्यांना समजत नाही. त्यांना माळावर न्या, उजनीच्या काठावर न्या, कंदरच्या केळीच्या बागेत न्या. फार तर पुण्याचे एम्प्रेस गार्डन दाखवा. ते सुमारे ३९ एकरांचे आहे, त्यात जुने आणि मोठे वृक्ष आहेत, आणि एका दिवसात जाऊन येण्यासारखे आहे.

आठवीच्या पुढच्या मुलांना न्यायचे असेल, तर तयारी करून न्यावे आणि फीसाठी एकही पोर मागे राहणार नाही, अशी सोय आधी करावी. ती होत नसेल तर सहल जवळची काढावी. दहा मुलांनी लालबाग पाहण्यापेक्षा चाळीस मुलांनी एम्प्रेस गार्डन पाहणे बरे.

शेतकऱ्याने, विशेषतः फळबाग किंवा रोपवाटिका करणाऱ्याने, जरूर जावे. मात्र मनात दोन-तीन नेमके प्रश्न घेऊन जावे. तिरुपतीला किंवा म्हैसूरला निघालेल्या कुटुंबाची वाट बेंगळुरूवरून जात असेल, तर एक सकाळ बागेसाठी राखून ठेवावी. सकाळीच जावे, उन्हे चढली की पाय दुखतात आणि डोळे थकतात.

आणि शिक्षकांनी? शिक्षकांनी अवश्य जावे, आणि मुलांच्या आधी जावे. मुलांना घेऊन गेलेला शिक्षक बाग पाहत नाही, मुले पाहतो. एकदा दोघांतिघांनी मिळून सुट्टीत जाऊन यावे. त्यांच्या डोळ्यांनी पुढे शेकडो मुले पाहतील. एका तिकिटात एवढा लाभ दुसरा नाही.

आता जायचे ठरलेच, तर कसे पाहावे? निघण्यापूर्वी महिनाभर घरचा अभ्यास करावा. शाळेपासून स्टेशनापर्यंतच्या वाटेवर किती जातींची झाडे आहेत, त्यांची नावे वहीत लिहावीत. ज्याला आपल्या वाटेवरची वीस झाडे ओळखता येत नाहीत, त्याला बागेतली हजार झाडे सारखीच दिसतील. बागेत गेल्यावर सगळे पाहण्याचा हव्यास धरू नये. दहा झाडे निवडावीत. प्रत्येकापाशी दहा मिनिटे थांबावे. पाटी वाचावी, साल पाहावी, खाली पडलेले पान उचलून वहीत ठेवावे. झाडावरचे तोडू नये. शास्त्रीय नावाला घाबरू नये. ते आपल्या हजेरीपटासारखेच असते, आडनाव आधी आणि नाव मागाहून. ‘फायकस’ हे आडनाव. वड, पिंपळ, उंबर ही तिन्ही फायकस घराण्यातली. एवढे कळले, की तिघांची फळे आतून सारखी का दिसतात, हे मुलेच तुम्हांला सांगतील.

आणि खरे काम परत आल्यावर सुरू होते. शाळेच्या आवारातल्या प्रत्येक झाडाला क्रमांक द्या. एक वही घाला. झाडाचे नाव, लावले कधी, कोणी लावले, बी किंवा रोप कोठून आणले, पहिले फूल कोणत्या महिन्यात आले, हे तीत लिहा. पत्र्याची पाटी रंगवून झाडाशेजारी खुंटीला अडकवा. खोडात खिळा ठोकू नका. गावातल्या जाणत्या आजोबा-आजींना बोलावून प्रत्येक झाडाचे गावठी नाव आणि उपयोग विचारून घ्या. अशी पंचवीस झाडांची वही झाली, म्हणजे जेऊरला तुमचे छोटे वनस्पती-उद्यान उभे राहिले असे समजा.

याची निकड का आहे, तेही सांगतो. १९८० च्या सुमारास उजनीचे धरण पुरे झाले आणि भीमाकाठची गावे पाण्याखाली गेली. घरे गेली, देवळे गेली. त्यांच्याबरोबर पाणवठ्यावरचे वड गेले, बांधावरचे जुने आंबे गेले. कोणता आंबा आंबट, कोणता शेपूच्या वासाचा, कोणत्या वडाखाली बाजार भरायचा, ही नावनिशी आता म्हाताऱ्यांच्या तोंडी उरली आहे. घराची नोंद दप्तरात राहते. झाडाची नोंद आपण ठेवली नाही, तर कोणी ठेवणार नाही. पाण्याने बागायत आली, ऊस आला, केळी आली, सुबत्ता आली, हे चांगलेच झाले. पण त्या वहीतली पाने कोरी राहिली. जी माणसे सांगू शकतात ती आहेत, तोवर ती भरून घेतली पाहिजेत.

म्हणून माझे म्हणणे एवढेच. केवळ हिरवळीवर बसून डबा खायचा असेल, तर लालबागेला जाऊ नका. डबा आपल्या चिंचेखाली अधिक गोड लागतो. पण झाडाला नाव असते, त्याला गाव असते, त्याची नोंद ठेवायची असते, ही एक सवय तेथून घेऊन यायची असेल, तर खुशाल उद्यान एक्सप्रेसचे तिकीट काढा. गाड्यांच्या वेळा, थांबे आणि बागेच्या प्रवेशाचे दर बदलत असतात, ते निघण्यापूर्वी नीट विचारून घ्या. आणि तिकीट काढायच्या आधी दोन आण्यांची का होईना, एक वही विकत घ्या, असे जुने मास्तर सांगत. आण्यांचा काळ गेला. वही मात्र अजून लागते.